ज्या डोंगराला कुणी चूक म्हणू शकत नाही

झोप येत नाही म्हणून बॉब रॉसचे व्हिडिओ लावून पडणारे सहा-सात जण एकट्या माझ्या टीममध्ये आहेत. मऊ आवाज, कॅनव्हासवर घासणाऱ्या ब्रशची खसखस, आणि अर्ध्या तासाच्या आत कोऱ्या कॅनव्हासवर डोंगर, तळं, देवदार. यातल्या बहुतेकांनी शाळा सुटल्यापासून ब्रश हातात धरलेला नाही. मी गेले आठ महिने दर रविवारी कोथरूडमधल्या एका ऑइल पेंटिंगच्या क्लासला जातो. त्यामुळे हा कार्यक्रम आता मला वेगळा दिसायला लागलाय.

‘द जॉय ऑफ पेंटिंग’ अमेरिकेत पीबीएसवर १९८३ ते १९९४ चालला. ३१ सीझन, ४०३ भाग. रॉसने त्याआधी २० वर्षं अमेरिकी हवाई दलात काढली होती, त्यातली बरीचशी अलास्कात. त्याचे बर्फाचे डोंगर तिथले. तंत्र मात्र त्याने बिल अलेक्झांडर या जर्मन चित्रकाराकडून घेतलं. अलेक्झांडरचा स्वतःचा टीव्ही कार्यक्रम रॉसच्या आधीपासून चालू होता. रॉस १९९५ मध्ये गेला, पण यूट्यूबमुळे आपल्या पिढीला तो जिवंत असल्यासारखाच भेटतो.

त्याचं मोठं काम आधी कबूल करायला हवं. आपल्याकडे चित्रकलेबद्दल एक वाक्य घरोघरी ऐकू येतं: ‘त्याला हात आहे.’ ज्याला नाही त्याचा निकाल आठवी-नववीतच लागतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा होतात, ग्रेड येते, आणि सी ग्रेडवाला मुलगा पुढची चाळीस वर्षं ‘मला चित्र येत नाही’ असं शांतपणे सांगत राहतो. रॉस हा निकाल मानतच नाही. हात जन्मतः मिळत नाही, सराव करा, येईल, असं तो प्रत्येक भागात या ना त्या प्रकारे सांगतो. हे ऐकवणारा मास्तर फार थोड्यांना मिळतो.

त्याचं तंत्रही थापेबाजीचं नाही. कॅनव्हासवर आधी पातळ पांढऱ्या तैलरंगाचा ओला थर द्यायचा आणि तो ओला असतानाच दोन इंची ब्रशने त्यावर आकाश मिसळायचं. डोंगरावरचा बर्फ नाइफने, हलक्या हाताने ओढायचा. घट्ट रंगावर पातळ रंग चिकटतो, हा त्याचा नियम कुठल्याही क्लासमध्ये खरा ठरेल. ओल्या रंगात ओला रंग घालायची पद्धत तर शतकांपूर्वीची.

मग माझी तक्रार काय आहे? तक्रार त्याच्या सगळ्यात लाडक्या विचाराबद्दल आहे. चित्रात चूक नसतेच, जे होतं तो आनंदाचा अपघात असतो, हा तो विचार. लोकांनी तो टीशर्टवर छापून घेतलाय. तो इतका पटतो, कारण रॉसच्या चित्रात चूक पकडायची सोयच ठेवलेली नाही.

शाळेतल्या त्या परीक्षेतले दोन पेपर आठवा: वस्तुचित्र आणि स्मरणचित्र. वस्तुचित्रात समोर घडा, फळं, कापड असायचं. स्मरणचित्रात जत्रा नाहीतर बसस्टॉप डोक्यातून काढायचा. रॉस पडद्यावर कायम स्मरणचित्र काढतो. समोर वस्तू नाही, मॉडेल नाही. माणूस तर त्याच्या चित्रांत जवळजवळ नाहीच. झाडाची फांदी डावीकडे गेली काय, उजवीकडे गेली काय, कोण म्हणणार चुकली? आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट केसच लिहिलेली नाही, मग कोड फेल कुठून होणार?

गंमत म्हणजे रॉसकडे स्वतःकडे टेस्ट केस होती. प्रत्येक भागातलं चित्र तो तीनदा काढायचा. एक आधी, संदर्भासाठी. दुसरं कॅमेऱ्यासमोर. तिसरं नंतर, पुस्तकासाठी, जास्त तपशिलाने. पहिलं चित्र शूटिंगच्या वेळी जवळच असायचं, पण आपल्याला दिसणार नाही अशा जागी. म्हणजे ‘इथे एक झाड राहत असेल कदाचित’ अशा थाटात येणारं ते झाड आधीच ठरलेलं असायचं. तो तयारी करायचा यात वाईट काही नाही, टीव्हीवर अर्ध्या तासात दुसरं काय करणार? पण त्या तिसऱ्या कोपऱ्यातल्या चित्राकडे बघणं, ताडून पाहणं, पुन्हा काढणं हेच तर शिकायचं असतं, आणि नेमकं तेवढंच त्याने कॅमेऱ्याबाहेर ठेवलं.

आमच्या क्लासमध्ये पहिले तीन महिने एक पितळेचा तांब्या होता. माझ्या शेजारच्या इझलवर बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू असतात. त्यांनी तांब्याचं तोंड छान गोल, उघडं काढलं. सर मागे येऊन उभे राहिले.

‘काकू, एवढं उघडं दिसतंय का तुम्हाला तिथून?’

‘तांब्याचं तोंड गोलच असतं की हो.’

‘असतं. पण दिसतंय किती ते सांगा.’

काकूंनी डोळे बारीक केले, ब्रशची दांडी हात लांब करून समोर धरली आणि मापलं. तोंड दिसत होतं ते बोटभर चपट्या लंबगोलासारखं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग नाइफ घेऊन त्यांनी तो भाग खरवडून काढला. साठ वर्षं रोज हाताळलेली वस्तू त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, असं मला वाटलं. हे आनंदाचा अपघात म्हणून सोडून दिलं असतं, तर काकूंना फक्त एक गोल तांब्या मिळाला असता.

दुसरी गोष्ट वेळेची. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्याला कित्येक दिवस लागतात. थरावर थर द्यायचा तर खाली कमी तेल, वर जास्त, नाहीतर पुढे रंग तडकतो. म्हणून आम्ही आधी बर्न्ट अंबरमध्ये टर्पेंटाइन घालून पातळ छायाप्रकाश मांडतो आणि घरी जातो. पुढच्या रविवारी परत आलं की आठवड्याभराने चित्र परक्या नजरेने दिसतं, आणि काय बिघडलंय ते न सांगता कळतं. रॉसच्या कार्यक्रमात हा आठवडा नाही.

चुका लपत नाहीत, याचा मोठा पुरावा माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात आहे. वेलास्केझने रंगवलेला घोड्यावरचा चौथा फिलिप. त्यात घोड्याचे पाय वेलास्केझने आधी वेगळ्या जागी काढले होते, मग बदलले. तैलरंग जुना होत जातो तसा पारदर्शक होतो. त्यामुळे आता जवळजवळ चारशे वर्षांनी ते आधीचे पाय वरच्या रंगातून धूसर दिसतात. स्पेनच्या राजाचा चित्रकार चूक मानत होता, ती दुरुस्त करत होता. म्हणून त्याचा घोडा आजही आपल्या वजनानिशी उभा आहे.

यावर माझी एक मैत्रीण म्हणते, ‘आठवडाभर ऑफिसमध्ये चुकाच शोधतोस ना? रविवारी तरी सोड.’ तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. दमलेल्या माणसाला विसावा हवा असतो, आणि रॉस तो देतो, फुकट देतो. पण विसावा मिळाला म्हणजे शिकणं झालं, असा समज त्यातून होतो, आणि त्याची किंमत क्लासमध्ये दिसते. आम्ही अकरा जण होतो, आता पाच उरलोय. गेलेल्यांपैकी बहुतेक जण तांब्याच्या चौथ्या रविवारी गेले. त्यातल्या दोघांनी नंतर कॅफेतल्या दोन तासांच्या वर्कशॉपमध्ये सूर्यास्त काढून घरी नेला आणि स्टेटसला लावला. सूर्यास्त चांगला होता. फक्त तो कुठून पाहिलेला होता, हे त्यांना विचारून उपयोग नव्हता.

माझं मत विचाराल तर, रॉस हे निमंत्रण म्हणून उत्तम आहे आणि शाळा म्हणून अपुरं. त्याने हात घाबरायचा थांबतो. डोळ्यांचं काम तिथे सुरूच होत नाही. आज रात्री त्याचा एक भाग जरूर बघा. मग उद्या स्वयंपाकघरातली एखादी वाटी खिडकीजवळ ठेवा आणि साध्या पेन्सिलीने तिची फक्त कड काढा. वाटी लगेच सांगेल, कुठे चुकलं ते.