बुद्धिमान मोटार आणि वाटसरू : कोरेगाव भीमाच्या रस्त्यावरून एक चिकित्सा

प्रस्तावना

माणूस आणि यंत्र यांच्यातील नाते हा विसाव्या शतकातील साहित्य व चित्रपट यांचा एक महत्त्वाचा विषय राहिला आहे. चालकाविना धावणारी, स्वतः निर्णय घेणारी मोटार हे या नात्याचे अगदी अलीकडचे रूप होय. अमेरिकेतील फिनिक्स परिसरात २०२० पासून चालकविरहित टॅक्सी सामान्य प्रवाशांसाठी खुली झाली. भारतात अशी टॅक्सी नाही; परंतु २०२१ मध्ये चाकण येथे तयार होणाऱ्या एका भारतीय मोटारीत धोका ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आली. त्यामुळे या मोटारीशी माणसाने कसे वागावे आणि तिने माणसाशी कसे वागावे, हा प्रश्न आता केवळ कल्पनेतील राहिलेला नाही. या प्रश्नाला आजवर मिळालेली उत्तरे एका विशिष्ट रस्त्यावर ठेवून तपासणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी एक कथा, एक चित्रपट आणि एक प्रयोग यांची निवड केली आहे.

मालक आणि मोटार

आयझॅक असिमॉव्ह यांची 'सॅली' ही कथा १९५३ साली प्रसिद्ध झाली. तीत मोटारींना मेंदू आहे आणि माणसाने स्वतः चालवायच्या जुन्या गाड्यांना महामार्गावर मज्जाव आहे. निवृत्त झालेल्या एक्कावन्न मोटारी एका शेतावर सुखाने राहतात व जेकब नावाचा वृद्ध त्यांची देखभाल करतो. त्यांचे मेंदू पळवू पाहणाऱ्या माणसाचा शेवट मोटारींच्या चाकांखाली होतो. त्यानंतर जेकबला आपल्या लाडक्या सॅलीवर पूर्वीसारखा विश्वास टाकता येत नाही.

ऋत्विक घटक यांचा 'अजांत्रिक' (१९५८) हा चित्रपट सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवर आधारलेला आहे. त्यातील बिमल हा टॅक्सीचालक आपल्या मोडकळीस आलेल्या 'जगद्दल' या मोटारीशी बोलतो, तिच्यावर रुसतो, तिला पाणी पाजतो. येथे मोटार बुद्धिमान नाही. तिला जिवंतपण देणारा बिमलच आहे. अखेरीस ती भंगारात जाते.

या दोन कलाकृतींची जातकुळी भिन्न आहे. एकीत यंत्राच्या बुद्धीचे भय आहे, तर दुसरीत यंत्रावरील वेडे प्रेम आहे. तथापि दोन्हींचा भावनिक केंद्रबिंदू एकच आहे : मोटार आणि तिचा धनी. मोटार ज्याच्या अंगावरून धूळ उडवीत पुढे जाते, तो वाटसरू त्या केंद्रात येत नाही. कलाकृती म्हणून हा त्यांचा दोष मानता येणार नाही, कारण प्रत्येक कलाकृतीला आपली चौकट निवडण्याचा अधिकार असतो. मात्र भविष्यातील व्यवहाराचा विचारही याच चौकटीत होऊ लागला, तर ती चौकट अपुरी पडते.

वाटसरूचे मोल

वाटसरूचा विचार प्रथमच मोठ्या प्रमाणावर केला, तो 'मॉरल मशीन' या प्रयोगाने. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अपघात अटळ असताना मोटारीने कोणाला वाचवावे, याविषयी २३३ देश व प्रदेशांतील लोकांचे सुमारे चार कोटी निर्णय त्यात गोळा केले गेले. तरुण की वृद्ध, स्त्री की पुरुष, नियम पाळणारा की मोडणारा, उच्चपदस्थ की बेघर, अशा जोड्या त्यात होत्या.

या प्रयोगाची व्याप्ती मान्य करूनही त्याच्या मांडणीवर मूलभूत आक्षेप घ्यावा लागतो. तो वाटसरूला पाहतो, पण मोटारीच्या काचेतून आणि तोलण्याची वस्तू म्हणून. वाटसरूने हात वर केला, डोळ्याला डोळा दिला, मागे सरला, या कशालाही तेथे वाव नाही. लोकमताच्या बेरजेतून माणसाचे मोल ठरावे काय, हा प्रश्नही उरतोच. जर्मनीतील शासकीय नीतिसमितीने २०१७ मध्येच वय, लिंग, शारीरिक वा मानसिक स्थिती यांवरून असा भेद करण्यास स्पष्ट मनाई सुचवली होती.

कोरेगाव भीमाचा रस्ता

शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा हे पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील गाव. पुढे सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव येथील कारखाने आहेत. अवजड ट्रेलर, कंपन्यांच्या बस, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, दुचाक्या आणि पायी चालणारी माणसे एकाच रस्त्यावर येतात. अशा रस्त्याची एक बोली असते. ओलांडणारा हात दाखवतो, चालकाच्या चेहऱ्याचा अंदाज घेतो आणि गाडी किंचित मंदावली की पाऊल टाकतो. चालक डिपर देतो. क्लीनर खिडकीतून हात काढून मागच्याला थांबवतो. ट्रकच्या पाठीवरील 'हॉर्न ओके प्लीज' या शब्दांवर महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली, पण बोली संपली नाही. चालकच नसेल, तर हा हात कोणाला दाखवायचा?

अमेरिकेतील टेम्पे येथे १८ मार्च २०१८ च्या रात्री घडलेला अपघात या दृष्टीने बोलका आहे. सायकल हाती धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री उबर कंपनीच्या चाचणी-मोटारीखाली मरण पावली. यंत्रणेला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, तर कधी 'अन्य' ठरवीत राहिली. चालकाच्या जागी बसलेल्या देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे रस्त्याकडे लक्ष नव्हते, हे अपघाताचे प्रमुख कारण तपासात ठरले. परंतु त्याच तपासात आणखी एक बाब पुढे आली : ठरलेल्या जागेखेरीज माणूस रस्ता ओलांडेल, ही शक्यता यंत्रणेच्या रचनेत धरलेलीच नव्हती. जेथे बहुसंख्य माणसे अशीच ओलांडतात, तेथे या गृहीतकाचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

या रस्त्याला आणखी एक परिमाण आहे. भीमेपलीकडे पेरणे येथे १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा जयस्तंभ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी त्याला मानवंदना दिली. दरवर्षी त्या दिवशी लाखो माणसे येथे येतात, वाहतूक अन्य मार्गांनी वळवली जाते आणि रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. ज्या समाजाला सार्वजनिक वाटेवरूनही हटवले गेले, त्याच्या स्मृतीत रस्ता ही केवळ वाहतुकीची सोय नसते. १९२४-२५ चा वायकोम सत्याग्रह मंदिराभोवतालच्या रस्त्यांसाठीच झाला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे, तो याच इतिहासातून. माणसांची प्रतवारी लावणारी मोटार अशा रस्त्यावर आणणे म्हणजे जुनाच प्रश्न नव्या यंत्रात भरणे होय.

दुसरी बाजू

मानवी चालकाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. यंत्र मद्यपान करीत नाही, त्याला डुलकी लागत नाही. हैदराबाद व बंगळूर येथील रस्त्यांच्या चित्रणातून तयार झालेल्या 'इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट'ने रिक्षा, जनावरे आणि डांबराबाहेरील मातीची कड यांनाही यंत्राच्या नजरेत जागा दिली, ही स्वागतार्ह बाब आहे. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी चालकांच्या रोजगाराच्या कारणावरून २०१७ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये अशा मोटारींना विरोध नोंदवला. हा मुद्दा रास्त असला, तरी तो मोटारीच्या आतील माणसापुरताच राहतो.

निष्कर्ष

१. बुद्धिमान मोटारीविषयीच्या येथे अभ्यासलेल्या कल्पनेत मालक व मोटार यांचे नाते केंद्रस्थानी असून वाटसरू दुर्लक्षित राहिला आहे.

२. 'मॉरल मशीन' प्रयोगाने वाटसरूची दखल घेतली, पण त्याला संवादातील भागीदार न मानता निवडीचा विषय केले.

३. मोटारीची बुद्धिमत्ता तिच्या प्रवाशाच्या समाधानावरून नव्हे, तर तिच्यासमोर हात वर करणाऱ्या अनोळखी माणसाला ती काय उत्तर देते, यावरून जोखली पाहिजे.

४. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. अवकाशापर्यंत पोहोचलेल्या या परंपरेने आता रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेतून हा विषय हाताळावा, अशी अपेक्षा आहे.