एक शीड, सहा वेळा

मोरा बंदरावर चुकीच्या वेळी पोहोचलात तर एकच काम उरतं, बघत बसणं. गाळ इतका साचला आहे की मोठ्या ओहोटीला मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून येणारी लाँच इथे लागत नाही. पाणी चढेपर्यंत थांबावं लागतं. समोर चिखल उघडा पडलेला असतो, होड्या एका कुशीवर कलंडलेल्या आणि पलीकडे घारापुरीचा डोंगर. नवखा माणूस म्हणतो, सगळं करडं आहे. पण तासभर बसलं की त्याच करड्यातून जांभळट, शिसवी, राखी रंग वेगळे होऊ लागतात, आणि ओल्या चिखलावर पडलेली आभाळाची फिकट निळाई दिसते. हे रंग वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांसमोर होते, तरी मला दिसत नव्हते. ते दाखवले हिरोशी योशिदा या जपानी चित्रकाराने.

योशिदाचं (१८७६–१९५०) मूळ शिक्षण तैलचित्राचं. लाकडी ठशांकडे तो वळला तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती. टोकियोतले प्रकाशक वातानाबे यांच्यासाठी त्याने केलेले ठसे १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळून गेले. पुढे त्याने स्वतःच कारागीर नेमले आणि कोरण्या-छापण्यावर स्वतः देखरेख ठेवली. अशा चित्रांच्या समासात ‘जिझुरी’, म्हणजे स्वतः छापलेलं, असा शिक्का असतो. १९२६ मध्ये त्याने सेतो या आतल्या समुद्रावरची चित्रमालिका काढली. ‘शिडाच्या होड्या’ हे चित्र त्यातलंच.

चित्र उभं आहे. पुढे एक उंच शिडाची होडी, मागे दुसरी, त्यापलीकडे आणखी काही, अंतराबरोबर विरळ होत गेलेल्या. शीड उभ्या पट्ट्या जोडून शिवलेलं, आणि शिवणीच्या त्या रेषा वरून खाली येताना मधेच किंचित वाकतात. खाली पाण्यात त्याच शिडाचं प्रतिबिंब पडलं आहे. वर कापड आहे तिथे रेषा उभी, सलग, आणि पाणी सुरू झालं की ती आडवी होऊन तुटते. कापड संपून पाणी कुठे लागतं ते केवळ रेषेने दिशा बदलल्यामुळे कळतं. लाट म्हणून एकही लाट काढलेली नाही.

हेच चित्र योशिदाने सहा प्रकारे छापलं. सकाळ, चढती सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र. मूळ रेषांचे ठसे तेच, बदलले ते रंग. अशा छपाईला जपानीत ‘बेत्सुझुरी’ म्हणतात, वेगळी छपाई. सकाळच्या चित्रात सूर्य क्षितिजाजवळ, शिडाच्या मागे आहे. आभाळ आणि पाणी दोन्ही पिवळ्या-नारिंगी उजेडात भिजलेली, आणि शीड उजेडाच्या आड असल्यामुळे तपकिरी. धुक्याच्या चित्रात सूर्य नाही. मागच्या होड्या राखी रंगात विरघळतात, एखादी तर आहे की नाही अशी शंका यावी इतकी. पुढची होडी मात्र तीच, तिथेच, तेवढीच. रेषेने जागा सांगितली आणि रंगाने वेळ, अशी ही विभागणी आहे. माझ्या मते योशिदाचं सगळं मोठेपण या एका गोष्टीत आहे. त्याच्या हिमालयाच्या चित्रांचं कौतुक जास्त होतं, पण त्यांत डोंगरच इतका भव्य की चित्रकाराला फारसं काही करावं लागत नाही. इथे विषय साधा आहे, काही होड्या आणि सपाट पाणी. जे काही घडतं ते हाताने घडवलेलं आहे.

एकदा या चित्राचं पुस्तक मी लाँचची वाट बघताना मांडीवर उघडून बसलो होतो. शेजारी जाळं सांधत बसलेले एक काका मान वळवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “वारा नाय यांना. उभीच हायेत.” मी विचारलं, कशावरून? त्यांनी प्रतिबिंबावर बोट ठेवलं. वारा असता तर पाण्यातलं शीड असं सरळ खाली उतरलं नसतं, विस्कटलं असतं. शिडाच्या शिवणी ढिल्या पडलेल्या मला दिसल्या होत्या, पण त्यांचा अर्थ मी लावला नव्हता. वारा पडलाय, खलाशी थांबलेत, म्हणून चित्रातही सगळं थांबलेलं आहे. या चित्रावर मी जे वाचलं त्यात इतकं नेमकं वाक्य मला मिळालं नाही.

अशा चित्रावर रंग कसा चढतो हे कळलं की चित्र आणखी जवळ येतं. जपानी कारागीर ठशासाठी डोंगरी चेरीचं लाकूड घेतात. एक ठसा रेषेचा, मग प्रत्येक रंगाला वेगळा. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून ठशाच्या कडेला खुणेच्या दोन खाचा असतात, त्यांना ‘केंतो’ म्हणतात. छापायला यंत्र नाही. ओलसर कागद ठशावर पालथा घालून बांबूच्या पातीत गुंडाळलेल्या ‘बारेन’ने पाठीमागून घासायचा. आभाळ वर गडद आणि खाली फिकट होत जातं ती ‘बोकाशी’. छापणारा ठशाच्या एका कडेला रंग लावतो, दुसरीकडे पाणी, आणि ब्रशने दोन्ही एकमेकांत उतरवतो. ही उतरती छटा लाकडात कोरलेली नसते, प्रत्येक कागदासाठी ती हातानेच नव्याने साधायची. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रती कधी तंतोतंत सारख्या नसतात. आपल्याकडे रविवर्मा छापखान्यातल्या देवदेवतांचे रंगीत छाप घरोघरी पोहोचले, त्यांतही रंगांवर रंग चढत. पण तिथे दगड होता आणि यंत्र होतं. इथे पाणी लाकडातून कागदात थेट झिरपतं, त्यामुळे पाण्याचं चित्र पाण्यानेच काढल्यासारखं वाटतं.

निळ्याबद्दल थोडं सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात, १८३० च्या सुमारास, जपानी छापचित्रांत प्रशियन निळा सर्रास वापरला जाऊ लागला. बर्लिनचा निळा म्हणून ‘बेरो’. वनस्पतीतून निघणारा जुना निळा फिका आणि लवकर उडणारा होता. या नव्या निळ्याने गडदपासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंतची लांब उतरण शक्य केली आणि चित्रांतल्या पाण्याला खोली आली. होकुसाई या चित्रकाराची कानागावाची मोठी लाट याच निळ्याची. लाटेच्या आधी त्या चित्रातल्या होड्या बघाव्यात. तीन होड्या आहेत, ताजी मासळी घेऊन एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, बाजाराकडे धावणाऱ्या जातीच्या. वल्ह्यांवर माणसं पालथी पडलेली आहेत. कोणी हात वर करून ओरडत नाही, सगळे लाकडाला चिकटलेले आहेत. उधाणात होडी कशी धरायची हे ज्याला माहीत आहे तोच अशी माणसं काढेल. आणि इथे पाणी योशिदाच्या उलट वागतं. ते स्वतःच रेषा होतं, फेसाचे पंजे होतात, आणि मागे फुजी पर्वत एखाद्या छोट्या लाटेएवढा उरतो.

हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराचा पाऊस मात्र मला होकुसाईच्या लाटेपेक्षा अवघड वाटतो. १८५७ मधलं ओहाशी पुलावरचं अचानक आलेल्या पावसाचं चित्र घ्या. वर काळा ढग, पुलावर छत्र्या आणि चटया डोक्यावर घेऊन वाकलेली माणसं, नदीवर एकटा तराफा. पावसाच्या रेषा दोन ठशांवर कोरलेल्या आहेत, दोन्हींचा कल किंचित वेगळा. त्यामुळे सरी एकमेकींना छेदतात आणि पाऊस जागच्या जागी हलतो. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये याची तैलरंगात नक्कल केली. त्याचं या चित्रावर खरं प्रेम होतं, पण ब्रशने काढलेल्या पावसाला कोरलेल्या रेषेची बारीक धार आली नाही. केसाएवढी रेषा मधे ठेवून दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं, हे काम रंगाच्या फटकाऱ्याने होण्यासारखं नाही.

आणि उजेड? योशिदाच्या ‘चमचमता समुद्र’ या १९२६ च्याच चित्रात पाण्यावरचं ऊन गोल पटाशीच्या टिचक्यांनी कोरून काढलं आहे. जिथे लाकूड गेलं तिथे रंग लागला नाही, आणि तो ठिपका पाण्यावर तळपू लागला. सगळ्यात तेजस्वी जागेवर सर्वांत कमी काम केलेलं आहे, आणि तरी नजर तिथेच जाते.

मोऱ्यासमोरच्या या पाण्याला जपान परका नाही. १८९३ मध्ये जमशेदजी टाटा आणि निप्पॉन युसेन काइशा ही जपानी जहाज कंपनी यांनी मुंबई-जपान बोटसेवा सुरू केली, तेव्हा आपला कापूस घेऊन बोटी याच पाण्यातून बाहेर पडत. योशिदाही १९३० च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात आला. ताजमहाल, बनारसचे घाट, उदयपूरचं तळं, आपलं अजिंठा-वेरूळ, सगळं त्याने ठशांत आणलं. ताजमहालही त्याने धुक्यात आणि रात्री असा वेगवेगळ्या वेळांना पाहिला.

मोरा बंदरावर शिडाच्या होड्या आता क्वचितच दिसतात, यंत्रांच्या होड्या आहेत. पण पाणी तेच आहे आणि त्याच्या वेळाही त्याच. तेव्हा कधी भरतीच्या लाँचने मोऱ्याला या, आणि परतीची घाई न करता ओहोटी पूर्ण उतरून पाणी पुन्हा चढेपर्यंत धक्क्यावर बसा. जाताना उजेड कुठल्या रंगावर आला आहे ते बघून मग लाँचमध्ये चढा.