निर्जन वाटा, उठलेली गावे

एकांत आणि निर्जनता हे दोन शब्द आपल्या भटकंतीच्या लेखनात हल्ली एकाच अर्थाने वापरले जातात. सातारा-सांगलीकडच्या कमी वर्दळीच्या वाटांवरचे लेख वाचताना मला हे वारंवार खटकले. एकांत माणूस स्वतः शोधतो. निर्जनता पुष्कळदा कोणीतरी घडवलेली असते.

वासोट्याचेच पाहा. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडायचा, मेट इंदवलीला उतरायचे आणि गर्द रानातून किल्ला चढायचा. असे वर्णन बहुधा 'माणसाचा मागमूस नाही' या समाधानावर संपते. पण 'मेट' म्हणजे गडाच्या पायथ्याची पहारेकऱ्यांची वस्ती. इथे माणसे नांदत होती, हे गावाचे नावच सांगते. १९६०च्या दशकात कोयनेच्या पाण्याने या खोऱ्यातली गावे उठली. पुढे अभयारण्य आले आणि २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. उठलेल्यांतले काही लोक सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशा जिल्ह्यांत वसवले गेले. आपली लाँच जाते ती त्यांच्या शेतांवरून. त्याही आधी वासोटा कैदखाना होता. १८१८मध्ये इंग्रजांनी तो घेतला, तेव्हा त्यांचे दोन अधिकारी तिथे बंदीत होते. ज्या शांततेचे आपण गोडवे गातो, ती त्यांना शिक्षा होती.

जंगल राखण्याला माझा विरोध नाही. गडावर मुक्कामाला असलेली बंदीही योग्यच आहे. आक्षेप आहे तो लिहिणाऱ्याच्या नजरेला. गो. नी. दांडेकरांनी दुर्गांवर जीव ओवाळून टाकला, पण त्यांचे डोंगर रिकामे नाहीत. 'रानभुली'तली मनी रायगडाची लेक आहे. 'जैत रे जैत'मध्ये लिंगोबाचा डोंगर ठाकरांचा आहे. नंतरच्या बऱ्याच लेखनात गाव उरते ते पाणी, चहा आणि वाटाड्यापुरते.

मग एकांत मिळतो कुठे? माझ्या अनुभवाने माण-खटावच्या उघड्या टेकड्यांवर. वारुगडाच्या माचीवर आजही वस्ती आहे. भूषणगडावर हरणाईच्या दर्शनाला माणसे चढतात. मिरजेच्या पूर्वेला दंडोबाच्या डोंगरातही देवाला येणारा-जाणारा असतोच. वाटेत मेंढका भेटतो, "कुठलं पाव्हणं?" एवढे विचारतो आणि आपल्या मेंढरांमागे निघून जातो. पुढचा तासभर आपण एकटे असतो. हा एकांत कोणाला उठवून मिळालेला नसतो.

म्हणून अनवट वाटांवर लिहिणाऱ्यांकडून माझी अपेक्षा साधी आहे. अंतर, चढ आणि पाण्याची टाकी यांबरोबर त्या वाटेवरच्या गावांची नावेही द्यावीत; जी उठली त्यांचीही. वाट कोणाच्या पायांनी पडली हे कळल्याने तिच्यावरची शांतता उणावत नाही.