भुताचा सातबारा

भुतालाही जात असते. पिंपळावरचा मुंजा आठवा. बामणाचं मुंज झालेलं पोर मेलं की मुंजा होतं. ज्याची मुंजच होत न्हाई त्यानं मेल्यावर काय व्हावं? झपाटलेल्या घरांचे सिनेमे बघताना हाच सवाल मला छळतो.

कमाल अमरोहीचा १९४९चा ‘महल’ घ्या. महालात रात्री गात फिरणारी बाई भूत नसतेच, माळ्याची पोर असते. कोर्टात तिच्याच तोंडून ते बाहेर येतं. माळ्याची पोर म्हणून ती मालकाच्या खिजगणतीत न्हाई. मेलेल्या कामिनीचं सोंग घेतलं की तोच वेडापिसा! वर तीच त्याला सुचवते, माळ्याच्या पोरीचा जीव घे, मी तिच्या देहात येते. म्हणजे स्वतःचाच खून. गाणं सगळ्यांना पाठ आहे. हा खून किती जणांच्या ध्यानात आहे?

आता अमेरिकेत चला. १९७२ साली पँथर हे नाव आपण तिथल्या काळ्या भावांकडनं घेतलं, तेव्हा तिथला हिशेबही आपलाच. कुब्रिकचा ‘द शायनिंग’, १९८०. हॉटेलचा मॅनेजरच सांगतो की इथं मूळच्या लोकांची दफनभूमी होती, बांधकामाच्या वेळी त्यांचे हल्ले परतवावे लागले. पण हॉटेलात भुतं कुणाची? सुटाबुटातल्या गोऱ्या पाहुण्यांची. जमीन गेली ती गेली, झपाटायचा हक्कही गेला. साचा कुठं अडतो हे शेठच्या आधी कामगाराला कळतं, तसं हॉटेलचं पोट काळ्या आचाऱ्याला, हॅलोरनला ठाऊक. पोराला वाचवायला तो फ्लोरिडाहून बर्फातनं धावत येतो आणि आत शिरताच कुऱ्हाड खातो. स्टीफन किंगच्या १९७७च्या कादंबरीत तो जगतो. पिक्चरला त्याची बर्फावरची गाडी पायजे होती, माणूस नको. (पिक्चर भारी आहे, मान्य.)

रेमी वीक्सच्या ‘हिज हाऊस’मध्ये, २०२० साली, दक्षिण सुदानमधनं जीव घेऊन आलेल्या जोडप्याला इंग्लंडचं सरकार एक मोडकं घर देतं. दुसरीकडं राहायचं न्हाई, काम करायचं न्हाई. भूत आहे तर घर सोडून का जात न्हाईत, असं आपण पिटात बसून ओरडतो. इथं सोडलं तर देशातनं हाकलतील. झोपडपट्टीत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत न्हाई. आणि भुतं त्यांचीच, वाटेत समुद्रात बुडालेली. नवरा काही साधू न्हाई. बसमध्ये जागा मिळावी म्हणून त्यानं दुसऱ्याची पोर उचललेली असते, ती पोरही बुडाली. आपली माणसं पडद्यावर आली की सोज्वळच असावीत, असा हट्ट आपले काही कार्यकर्ते धरतात. मला तो पटत न्हाई. या नवऱ्याचा गुन्हा झाकला असता तर पिक्चर मेला असता.

शेवटी दोघं त्याच घरात उभे आहेत. भोवती मेलेल्यांची गर्दी. तिला हाकलायला कुणी मांत्रिक बोलावलेला न्हाई.