वेताळ आणि ‘द फँटम’ : कसारा परिसरातील वाचकाची अपेक्षा व पडद्यावरील अनुभव

चित्रकथेवर आधारित चित्रपट पाहावयास जाणारा प्रेक्षक कोऱ्या मनाने जात नाही. कथानक त्याला ठाऊक असते, नायकाचा चेहरा त्याने वर्षानुवर्षे पाहिलेला असतो. वाङ्मयकृतीचे ग्रहण वाचकाच्या ‘अपेक्षांच्या क्षितिजा’वर घडते, हे हान्स रॉबर्ट याउस या जर्मन समीक्षकाचे प्रतिपादन अशा चित्रपटांना विशेषत्वाने लागू पडते. सायमन विन्सर दिग्दर्शित ‘द फँटम’ (१९९६) हा हॉलिवूडचा चित्रपट मराठी वाचकाच्या दृष्टीने या प्रकारचे एक बोलके उदाहरण होय. कारण मराठी वाचक ज्याला भेटावयास गेला होता तो फँटम नव्हता. तो वेताळ होता.

ली फॉक यांनी १९३६ मध्ये ही चित्रमालिका सुरू केली. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने १९६४ पासून ती भारतीय वाचकांपुढे आणली आणि १९९० मध्ये प्रकाशन थांबेपर्यंत इंग्रजीबरोबरच हिंदी, मराठी आदी भाषांतून ती घरोघर पोहोचली. भारतीय वाचकाला खटकतील अशी काही नावे प्रकाशकांनी बदलली. मूळ ‘बेंगाली’ हा देश ‘डेंकाली’ झाला, ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. परंतु या सर्व बदलांत नायकाला मिळालेले ‘वेताळ’ हे नाव सर्वाधिक परिणामकारक ठरले.

मराठी मनात वेताळाची प्रतिमा दुहेरी आहे. एक वेताळ ग्रंथातला. सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या ‘वेताळ पंचविशी’पासून (१८३०) ‘चांदोबा’ मासिकातील विक्रम-वेताळापर्यंत तो प्रेतात शिरून राजाच्या खांद्यावर बसतो, कोडे घालतो आणि पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळतो. दुसरा वेताळ गावाच्या वेशीवरचा. तो भुतांचा अधिपती असला तरी गावाचा राखणदारही आहे. शेंदूर लावलेल्या दगडाच्या रूपाने तो महाराष्ट्रात अनेक ठिकाणी उभा आहे आणि गोव्यात तर तो ग्रामदैवत म्हणून पुजला जातो. भीती आणि आसरा या दोन्ही भावना एकाच नावात नांदतात. ज्या अनामिक अनुवादकाने फँटमला हे नाव दिले, त्याच्या भाषिक जाणिवेचे कौतुक केले पाहिजे. ग्रंथातील वेताळ हा देह बदलणारा एकच आत्मा आहे. चित्रकथेतील वेताळ म्हणजे एकाच मुखवट्यात एकामागून एक शिरणारे एकवीस देह.

येथेच चित्रकथेचे मर्म आहे. तिच्यातील अद्भुत हे वस्तुतः अद्भुत नाही. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका तरुणाने पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि ती पुढे बापाकडून मुलाकडे चालत आली. अरण्यातील लोक व शत्रू त्याला अमर समजतात. खरे काय ते वाचकाला ठाऊक असते. ‘चालते-बोलते भूत’ ही एक जतन केलेली आवई आहे आणि वाचक त्या गुपितातील भागीदार आहे. भयकथेत वाचक भितो. येथे तो भिणाऱ्यांकडे पाहून मनोमन सुखावतो. या चित्रकथेचा आनंद भुताचा नव्हे, विश्वासात घेतले गेल्याचा आहे.

१९३८ च्या काळात घडणाऱ्या चित्रपटाने नेमके हेच नाते उलटे केले. पटकथाकार जेफ्री बोम यांनी तीन मायावी कवट्यांचा शोध हे कथासूत्र घेतले. त्या एकत्र आल्या की विनाशकारी शक्ती प्रकट होते. खलनायक झँडर ड्रॅक्स त्यांच्यामागे आहे आणि अखेरीस नायकाच्या बोटातील अंगठी हीच त्यांना आवरणारी चौथी कवटी ठरते. चित्रकथेत ती अंगठी शपथेची खूण होती. गुन्हेगाराच्या जबड्यावर तिचा ठसा कायमचा उमटे. चित्रपटात ती यंत्रासारखी चालते. त्यातच नायकाच्या मृत पित्याचे भूत येऊन त्याच्याशी बोलते. खोटे भूत हाच ज्या कथेचा पाया, तिच्यात खरे भूत आणले गेले. मग आवईला किंमत ती काय उरणार?

चित्रपटात जमून आलेले काहीच नाही, असे नव्हे. पित्याच्या पाठीत सुरा खुपसणारा क्विल पुन्हा तोच मुखवटा समोर पाहून चक्रावतो. ज्याला आपण मारले तो जिवंत कसा? त्या क्षणापुरता चित्रकथेचा वेताळ पडद्यावर येतो. बिली झेन यांचा निर्विष, किंचित मिस्किल नायकही जुन्या वाचकाला परका वाटत नाही. चित्रपटाला आर्थिक अपयश आले. जांभळा पोशाख पडद्यावर हास्यास्पद दिसतो, ही त्याची नेहमी दिली जाणारी मीमांसा वरवरची आहे. कागदावर तो पोशाख साठ वर्षे कोणाला हास्यास्पद वाटला नव्हता.

कसारा, शहापूर, मुरबाड या पट्ट्यातील वाचकाच्या बाजूने पाहिले असता आणखी एक अंतर जाणवते. कसारा हे मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे मध्य मार्गावरील शेवटचे स्थानक. त्यापुढे १८६५ मध्ये वाहतुकीस खुला झालेला, सदतिसास एक चढाचा थळ घाट लागतो. गाडीला मागून जादा इंजिने जोडली जातात ती येथेच. एका टोकाला महानगर आणि दुसऱ्या टोकाला अरण्य, ही चित्रपटातील न्यूयॉर्क व बंगालाची रचना या भागात एकाच लोहमार्गावर आहे. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या वस्त्यांतील मुलाला जंगल अद्भुत वाटत नाही. तेथे वाघदेवाला मान द्यावयाचा असतो, लाकूडफाटा आणावयाचा असतो आणि वनखात्याच्या नियमांना तोंडही द्यावयाचे असते. तानसा, वैतरणा व भातसा यांचे पाणी याच डोंगरांतून मुंबईस जाते.

अशा वाचकाने वेताळ वाचताना एक तडजोड केलेली असते. जंगलाचा रक्षक गोरा आहे व आदिवासी त्याचे भाबडे प्रजाजन आहेत, हे वसाहतवादी चित्र तो नावाच्या आधाराने पचवतो. कारण ‘वेताळ’ या नावाने तो रक्षक अर्धाअधिक आपल्या वेशीवरचा झालेला असतो. रेखाचित्रातील मुखवट्याआड डोळ्यांची बुबुळेही दाखवलेली नसतात. त्या पांढऱ्या रिकाम्या जागेत वाचक कोणालाही बसवू शकतो. पडद्यावर मात्र त्या जागी विशिष्ट नटाचे डोळे येतात, भाषा इंग्रजी असते, देशाचे नाव बंगाला असते आणि कथेचा मोठा भाग न्यूयॉर्कमध्ये घडतो. अरण्यवासी प्रारंभी व शेवटी पार्श्वभूमीपुरते उरतात. भाषांतराने जवळ आणलेला रक्षक चित्रपटाने पुन्हा त्याच्या मूळ मालकांच्या स्वाधीन केला, असेच म्हणावे लागते.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात माध्यमांतराचा विचार बहुधा मूळ कृतीशी असलेल्या निष्ठेच्या मापाने होतो. त्या मापाने हा चित्रपट फारसा दोषी ठरणार नाही. गुहा, अंगठी, पांढरा घोडा, लांडगा सारे जागच्या जागी आहे. परंतु मराठी वाचकाच्या हाती मूळ कृती कधी आलीच नव्हती. त्याच्या हाती आला तो अनुवाद, आणि त्या अनुवादातला वेताळ विन्सर यांना माहीत असण्याचे कारण नव्हते.