कोतवाल बुक आणि आपली कविता

आमच्या मेहकर तालुक्यातल्या एका गावात उताराला एक गल्ली आहे. आज तिला भीमनगर म्हणतात, म्हातारे अजून महारवाडाच म्हणतात. ह्या गल्लीत शंभर वर्षांमागं कोण राहत होतं हे शोधायला मी निघालो, ते इतिहासाच्या हौसेनं नाही. धाकट्या भावाला जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा पाहिजे होता. रात्रपाळी सुटली की सरळ रेकॉर्ड रूम. चार खेटे घातले तेव्हा बस्ता सुटला.

बस्त्यातून निघालं कोतवाल बुक. म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंदवही. ही वही मी इथं समीक्षेला घेतोय. हसू नका. आमच्या गल्लीवर लिहिलेलं एवढं जुनं पुस्तक मला दुसरं मिळालं नाही.

भाषा बघा. पाटलाच्या घरी पोरगं झालं की बापाच्या नावाला राव लागतो. आपल्याकडं धोंड्या, भिक्या, दगड्या. वल्द अमक्या, जात महार. पोराचं नाव नाहीच, नुसतं 'मुलगा'. नाहीतर 'मुलगी'. आईचा पत्ता नाही. १९१८ ची पानं उलटली, मानमोडीच्या साथीची. मरणाच्या रकान्यात तापाखाली ताप, तापाखाली ताप. एकाच घरातले तीन. खबर पोचवणारा कोतवाल आमच्याच गल्लीतला, माझ्या आज्याचा चुलत आजा. त्याला अक्षर येत नव्हतं. स्वतःच्या पोरीचं मरण त्यानं तोंडी सांगितलं, दुसऱ्यानं तिचं नाव न घालता टिपलं.

आता साहेबांची पुस्तकं घ्या. १९१० चं बुलढाणा जिल्ह्याचं गॅझेटियर, १९१६ चे रसेल-हिरालालचे चार जाडजूड खंड. चौथ्या खंडात महार आहे. त्याची लग्नं, मर्तिकं, चालीरीती सगळं आहे. पण तिथं महार भेटतो, तुमचा-माझा पणजा भेटत नाही. त्यापेक्षा कोतवाल बुक बरं. ते आपल्याला नावं ठेवतं, पण निदान एक नाव तरी ठेवतं.

मग मी माझ्याच कविता काढल्या. गावकूस, उकिरडा, अंधार, हजारो वर्षं. आजा आहे, माय आहे. नाव एकाचंही नाही. दोस्तांनो, हे साहेबाचंच पुस्तक झालं, फक्त आवाज चढलेला. तुमच्याही वह्या उघडून बघा.

कोणी म्हणेल, दुःख समूहाचं आहे. कबूल. पण कचेरी समूहाला दाखला देत नाही, तिला वल्द लागतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर शाळेच्या दाखल-खारीजात कुठं महार, कुठं बौद्ध, कुठं नवबौद्ध लागलं. आडनावंही बदलली. १९९० साली कायदा दुरुस्त होऊन बौद्धांना अनुसूचित जातीत धरलं, तरी साखळी जुळवायची पाळी आपल्यावरच. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी शिंदे समिती बसली तेव्हा सरकारनंच जुने मोडी बस्ते उघडले. म्हणजे मनात आलं की बस्ते उघडतात. आपल्या बस्त्यांसाठी हेच मागायला आपण मोर्चा का काढत नाही?

भावाचा पुरावा निघाला. आज्याच्या जन्माची नोंद: बापाचं नाव, जात महार, 'मुलगा'. कचेरी विचारते, हा मुलगा म्हणजे तुमचा आजाच कशावरून? गल्लीतल्या एका म्हातारीला चारही भावांची नावं क्रमानं पाठ आहेत. बहिणींचीसुद्धा, ज्या कुठल्याच वहीत नाहीत. पण तिचं बोलणं पुरावा नाही.

म्हणून सांगतो. आपापली गल्ली धरा. कोतवाल बुक, दाखल-खारीज, ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा नमुना ८, जुन्या मतदार याद्या, सगळ्यांच्या नकला काढा. घरामागून घर लावा. रकाना रिकामा दिसला की म्हातारीपाशी बसा आणि नाव लिहून घ्या. बायांची आधी. ती यादी झाली की मग कविता लिहा.