एक किलोमीटरचे अंतर : शिक्षणहक्काचा नियम आणि विधिशिक्षण

मूळ अधिनियम आणि त्याखाली केलेले नियम यांच्या परस्परसंबंधाचे विवेचन प्रशासकीय विधीच्या पाठ्यपुस्तकांत विस्ताराने केलेले असते. हा संबंध व्यवहारात कसा बिघडतो, हे महाराष्ट्र शासनाच्या ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेवरून स्पष्ट होते. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १२(१)(सी) अन्वये विनाअनुदानित खासगी शाळांना पहिलीच्या वर्गात किमान २५ टक्के प्रवेश वंचित व दुर्बल घटकांतील बालकांना द्यावे लागतात. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या त्रिज्येत शासकीय वा अनुदानित शाळा असेल, तिला या प्रवेशांतून वगळणारे परंतुक अधिसूचनेने नियमांना जोडले.

कागदावर लहानसा दिसणारा हा अपवाद ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या नकाशावर ठेवून पाहिला म्हणजे त्याचे खरे रूप कळते. नौपाडा किंवा डोंबिवली पूर्व यांसारख्या जुन्या, दाट वस्त्यांत अनुदानित शाळा हाकेच्या अंतरावर आहेत. तेथे अपवाद हाच नियम होतो आणि मूळ तरतुदीला जागाच उरत नाही. शिवाय हे अंतर मोजावयाचे ते एका शाळेपासून दुसऱ्या शाळेपर्यंत. बालकाच्या घराचा त्यात विचारच नाही. कंपासाने काढलेल्या वर्तुळाला डोंबिवलीचे दोन भाग करणारा लोहमार्ग दिसत नाही, की ठाणे आणि कळवा यांच्यामधील खाडीही दिसत नाही.

अधिसूचनेच्या बाजूने एक मुद्दा मांडता येईल. जवळ सार्वजनिक शाळा असताना खासगी शाळेच्या शुल्काची प्रतिपूर्ती सार्वजनिक निधीतून का करावी? प्रश्न निरर्थक नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याच धर्तीची तरतूद ग्राह्य मानली होती. परंतु त्याचे उत्तर देण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे, नियम करणाऱ्या खात्याचा नव्हे. कलम १२(१)(सी) मध्ये जवळच्या शासकीय शाळेची अट नाही. नियमाने ती घालणे म्हणजे अधिनियमात दुरुस्ती करणेच होय. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी या परंतुकास स्थगिती दिली आणि १९ जुलै रोजी ते रद्द ठरविले. सर्वोच्च न्यायालयानेही ९ ऑगस्ट रोजी त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. हा निष्कर्ष योग्यच होता. तथापि प्रवेशाचा हंगाम निर्णयासाठी थांबत नाही. ज्या बालकाचे पहिलीचे वर्ष वादात सापडले, त्याला उशिरा मिळालेला न्याय अपुराच ठरतो.

विधिशिक्षणाने येथे आत्मपरीक्षण केले पाहिजे. अनुच्छेद २१-अ संविधानाच्या प्रश्नपत्रिकेत शिकविला जातो, प्रत्यायोजित विधिविधान प्रशासकीय विधीच्या. या प्रकरणात मात्र दोन्ही विषय एकाच परंतुकात एकत्र आले. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक विधिसंस्थेस विधिसाहाय्य केंद्र चालविणे बंधनकारक केले आहे. अशा केंद्रातील ठाण्याच्या वा कल्याणच्या विद्यार्थ्याने हातात नकाशा घेऊन हे परंतुक वाचले असते, तर त्यातील दोष न्यायनिर्णयाची वाट न पाहता त्याच्या ध्यानी आला असता. निर्णय पाठ करणे म्हणजे विधीचे अर्धे अध्ययन. ज्याच्यावर नियम लागू होतो त्याच्या दारापासून तो वाचणे, हे उरलेले अर्धे.